राजीनामा, बार्शीकडचा

त्या आषाढात मला एका कादंबरीचा इतका राग आला, की ती मी तुरीच्या डब्यात कोंबली आणि वरून झाकण दाबून बसवलं. लिहिणारा समोर आला असता तर त्यालाही तिथंच कोंबला असता. दोनशेच्या वर पानं एका बाईला ताठ उभं ठेवायचं आणि शेवटच्या पानावर तिला वाकवायचं, ही कसली लिहायची रीत? मला पुस्तकावर नुसतं रुसता येत नाही, भांडावंच लागतं. आता केस पिकले तरी तसंच आहे. कादंबरी आवडली की मी शेजारी जाऊन सांगते, आणि नाही आवडली की सगळ्या गल्लीला सांगते.

ही भांडायची सवय मला नांदेडच्या टॉकीजनं लावली. माझं माहेर नांदेडचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या अदालतीत कारकून होते. आमच्या मोगलाईत, संस्थानी मुलखात, कचेऱ्यांना सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. महिन्यातून एखाद्या जुम्म्याला अण्णा मला आणि आईला सिनेमाला न्यायचे. बायकांची जागा मागं, पडद्याआड. दिवे गेले की पडदा सरकायचा, दिवे लागले की पुन्हा बंद. त्या अंधारात बुरखे मागं टाकून बसलेल्या बायका पानाचे डबे उघडायच्या आणि पडद्यावरच्या माणसांना तोंडावर सुनवायच्या. त्या उर्दूतून, मी मराठीतून. खोकून खोकून मरणाऱ्या नायिकांचा मला भारी तिटकारा. एकीला मी मोठ्यानं म्हणाले होते, बाई गं, आधी त्या नवऱ्याला घराबाहेर काढ, मग खोकत बैस. आईनं मांडीला चिमटा काढला. शेजारच्या बाईंनी मात्र मला पान दिलं.

लग्न होऊन लातूरला आले आणि सिनेमा सुटला. कधीमधी गावाबाहेर तंबूतला खेळ यायचा, पण तो घरच्या बायकांनी पाहायचा नाही असं ठरलेलं. कुणी ठरवलं ते विचारायची सोय नव्हती. माझं तोंड उतरलेलं आमच्या ह्यांच्या लक्षात आलं असावं. हे तेलबियांच्या अडतीत मुनीम होते आणि दुकानाच्या कामानं छोट्या आगगाडीनं बार्शीला जायचे. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख. तिथं मराठी पुस्तकं मिळायची, जुनीपुराणी, पण मिळायची. पहिली कादंबरी आणली तेव्हा हे हसून म्हणाले, "करोडगिरीच्या नाक्यावर त्यांनी कापड उलगडून उलगडून बघितलं. हिला हात बी लावला न्हाई. हिच्यावर जकात न्हाई म्हणे." मी म्हणाले, त्यांना कळलं असतं आत काय आहे तर सगळ्यात जास्त जकात हिच्यावरच बसली असती.

तेव्हापासून दुपारी मागच्या सोप्यात आमचं वाचन सुरू झालं. समोर सुपात तूर, हात डाळ-खडे निवडण्यात आणि कान माझ्याकडं. मी वाचायची, वन्सं ऐकायच्या, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीकडं तोंड करून झोपल्यासारखं करायच्या. एखाद्या दिवशी मी पान सोडून पुढं गेले की झोपेतूनच म्हणायच्या, "मधलं राह्यलं."

बार्शीकडच्या मराठीत आमची अधूनमधून फजिती व्हायची. एका कादंबरीत बाप मुलाबद्दल म्हणतो की हा फार फाजील झाला आहे. आम्ही सगळ्या खूश. आमच्याकडं फाजील म्हणजे मोठा विद्वान, परीक्षा पास झालेला. मग पुढच्या पानावर बाप त्याला छडीनं का मारतो हे काही कळेना. आत्याबाई म्हणाल्या, जास्त शिकलं की मार खावाच लागतो. बऱ्याच पानांनंतर आम्हाला उमगलं की तिकडं फाजील म्हणजे आगाऊ. त्या दिवशी तूर बाजूलाच राहिली, हसून हसून पोट दुखलं. पण प्रत्येक शब्द असा हसण्यावारी जात नाही.

वन्सं म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहीण. माझ्याहून वर्षभरानं मोठ्या असतील. त्यांना मुरुडला दिलं होतं. घर खातंपितं, शेतीवाडीचं. नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा वन्सं एक ट्रंक घेऊन लातूरला आल्या त्या परत गेल्याच नाहीत. रडणं नाही, ओरडणं नाही. सासरहून बोलावणं आलं की एवढंच म्हणायच्या, "त्या घरात मी बायको म्हणून गेलते. आता गडी म्हणून बोलावून राह्यलेत." अक्षरओळख त्यांना माझ्याचकडून झाली. कादंबरीतल्या मोठ्या अक्षरातली प्रकरणांची नावं बोट ठेवून वाचता वाचता त्या सगळी ओळ वाचायला लागल्या होत्या. हळू वाचायच्या, पण चुकायच्या नाहीत.

त्यांचे वडील, माझे मामंजी, अर्जनवीस होते. अदालतीच्या आवारात बैठी पेटी मांडून लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे. अर्ज, तक्रार, मुचलका, राजीनामा. त्यातला राजीनामा हा शब्द आमच्या घरात मिठासारखा रोजचा. दोन भाऊ बांधावरून भांडले, अदालतीत गेले, दमले, आणि मग बसून तडजोड केली, की त्या तडजोडीचा जो कागद व्हायचा तो राजीनामा. दोन्ही बाजू, म्हणजे दोन्ही फरीक, राजी झाल्याचा कागद. नोकरी सोडायची असेल तर त्याला आमच्याकडं इस्तिफा म्हणायचे. हे लातुरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मामंजी वाईट नव्हते. मुलीवर त्यांचा जीव होता. पण मुरुडकरांनी सांगून पाठवलं होतं की पोळ्याच्या आत सून घरात पाहिजे, वेगळी खोली देऊ, स्वतःची चूल देऊ, राजीनामा लिहून घ्या. मामंजींना तो मार्ग बरा वाटत होता. आपण गेल्यावर हिचं काय, ही काळजी त्यांना रात्रंदिवस खायची. वन्संच्या मागं ते लागत नसत. फक्त जेवताना एखादवेळी म्हणत, "राजीनाम्यात दोघांची इज्जत राहते, बाळ." वन्सं ताटातलं संपवून उठायच्या. नाही म्हणजे नाही.

अशात ती कादंबरी आली. मुखपृष्ठ फाटलेलं, लिहिणाऱ्याचं नाव त्याच्याबरोबर गेलेलं. गोष्ट होती एका मास्तरणीची. नवऱ्यानं टाकलेली, मोठ्या शहरात मुलींच्या शाळेत शिकवणारी. शाळेचा कारभारी तिच्या वाटेला जातो, दहाजणांसमोर तिला तिच्या नवऱ्यावरून टोमणा मारतो, ती त्याला तिथल्या तिथं उत्तर देते. मग तो म्हणतो, माफी माग. ती मागत नाही. पानामागून पान ती मागत नाही. वन्संचे हात सुपात थांबायचे. "बरं केलं," म्हणायच्या. त्या बाईचं बोलणं, तिचं छत्री धरून चालणं, एकटीनं भाजी आणून एकटीनं रांधणं, सगळं वन्संच्या अंगात शिरलं होतं. आषाढभर आमच्या सोप्यात तीच बाई राहत होती म्हणा ना. मला तर वाटायचं, हिला भेटायला बार्शीच्या गाडीत बसावं.

आणि शेवटचं पान काय, तर तिनं राजीनामा लिहिला, कारभाऱ्याच्या टेबलावर ठेवला, छत्री उचलली आणि ती बाहेर पडली. शाळेतल्या पोरी रडत रडत फाटकापर्यंत आल्या. संपलं.

मी वाचायची थांबले. आत्याबाई कूस बदलून म्हणाल्या, "केला ना शेवटी राजीनामा. मला ठावं होतं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे एवढं सगळं करून बाई त्या मेल्याशी तडजोड करून मोकळी झाली? त्याच्या टेबलावर कागद ठेवून घरी गेली, उद्या पुन्हा त्याच्याच शाळेत यायला? पोरी रडत होत्या त्या आपली बाई वाकली म्हणून रडत होत्या, असाच आम्ही सगळ्यांनी अर्थ लावला. मी पुस्तक आपटलं. वन्सं मात्र सुपाकडं बघत बसून राहिल्या.

दोन-चार दिवस गेले. मग एका सकाळी मामंजी पेटी घेऊन निघाले होते तेव्हा दारात जाऊन म्हणाल्या, "आबा, लिवा राजीनामा. मी जाते मुरुडला."

मामंजींनी पेटी खाली ठेवली आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, त्यांना वाटलं सुटलो. मी वन्संना आत ओढलं, विचारलं, हे काय भलतंच? त्या म्हणाल्या, "वहिनी, ती एवढी शिकलेली. पगार मिळवती. तिला बी शेवटाला राजीनामाच करावा लागला. मी तर कोण? उगं ताणून काय होतंय?" मी म्हणाले, अहो, ते पुस्तक आहे, कुणीतरी बसून रचलेलं. त्यावर माझ्याकडं सरळ बघून म्हणाल्या, "तुमीच म्हणता न्हवं, पुस्तकात खरं असतंय." मग मी स्वयंपाकघरात गेले आणि ते पुस्तक तुरीच्या डब्यात कोंबलं.

बैठक पोळ्याच्या आधीच्या सोमवारी ठरली. मुरुडहून वन्संचे सासरे आणि एक वडीलधारे यायचे होते, कागद व्हायचा होता, आणि त्याच बैलगाडीतून वन्सं जायच्या होत्या. मी श्रावण लागल्यावर पंचमीला म्हणून नांदेडला गेले ती रडकुंडीला येऊन. फेर धरला, झोके घेतले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पंचमी झाली तरी आई सोडेना. पोळा करूनच जा म्हणाली. आणि आमचे अण्णा म्हणाले, येत्या जुम्म्याला टॉकीजला मराठी बोलपट लागलाय, चल, लातूरला कुठला बघायला मिळणार तुला.

मराठी बोलपट नांदेडला क्वचितच यायचा. पडद्याआड आज आमच्याकडच्याच बायका जास्त होत्या, लुगड्यांचा नुसता वास सुटला होता. गोष्ट एका गरीब कारकुनाची. मोठ्या पेढीवर काम करतो, मान खाली घालून लिहितो, बायको हसरी, घरात चहाला साखर नाही. पेढीचा मालक त्याला खोट्या कागदावर सही कर म्हणतो. कारकून नाही म्हणतो. मालक सगळ्यांसमोर त्याच्या अंगावर बाड फेकतो. मी पुढं सरकून बसले. कारकून उठतो, मेजावरचा टाक घेतो, एका कागदावर काहीतरी लिहितो, आणि मालकासमोर ठेवून म्हणतो, साहेब, हा माझा राजीनामा.

मी कपाळावर हात मारून घेतला. हाही तसलाच निघाला. ह्या पुण्या-मुंबईच्या लोकांना शेवटी वाकण्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही, असं आईला म्हणायला मी तोंड उघडलं. पण पडद्यावर काहीतरी निराळंच चाललं होतं. कारकुनानं खुंटीवरची टोपी काढली. जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरला. खाली दरवान सलाम करतो तर हा त्याचा हात हातात घेऊन त्याला रामराम करतो, जसा माणूस कायमचा निघताना करतो. रस्त्यानं गाणं म्हणत घरी येतो. बायको विचारते, आज लवकर? तो म्हणतो, राजीनामा देऊन आलो, आता त्या पेढीचा आणि आपला संबंध संपला. बायकोचा चेहरा आधी पडतो, आणि मग ती पदर तोंडावर धरून हसायला लागते.

मी उभी राहिले. "सोडली," मी म्हणाले, "आई, नोकरी सोडली त्यानं. तिकडं राजीनामा म्हणजे इस्तिफा." मागची बाई म्हणाली, "बैठो जी, नजर नई आरा." मला कुठलं बसायचं सुचतंय. मास्तरणीनं छत्री का उचलली, पोरी फाटकापर्यंत का आल्या, का रडल्या, सगळं एका क्षणात लख्ख झालं. आपली बाई उद्यापासून येणार नाही म्हणून रडल्या त्या पोरी. ती वाकली नव्हती. ती त्याच्या तोंडावर कागद फेकून निघून गेली होती. एवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता, हे मी ह्यांना नंतर सांगितलंसुद्धा.

बोलपटाचं पुढं काय झालं ते मी पाहिलं, पण मला सांगता यायचं नाही. टांग्यात मी अण्णांना धरलं. मला लातूरला पोचवा. अण्णा म्हणाले, "सिनेमात काय, काहीही दाखवतात. राजीनामा म्हणजे दोन्ही फरीक राजी झाल्याचा कागद. हयात गेली माझी अदालतीत." मी म्हणाले, अण्णा, तुमची हयात गेली, वन्संची अजून जायचीय. हे जरा जोरात बोलले असेन, कारण टांगेवाल्यानं मागं वळून बघितलं. शेवटी अण्णा म्हणाले, कचेरीत रुखसत, म्हणजे रजा, टाकावी लागेल.

शनिवार-रविवार आईची समजूत काढण्यात गेले. सोमवारी झुंजुमुंजू असताना आम्ही मोटारीत बसलो. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी लावलेली. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं आणि ढकलायचं. कंधारच्या फाट्याला भट्टी विझली. ड्रायव्हर निवांत खाली बसून कोळसे फुंकायला लागला, मी त्याच्या डोक्यावर उभी. "बाई, तुमच्या बघण्यानं पेटणार हाय का ही?" तो म्हणाला. मी म्हणाले, पेटल, तुम्ही हात हालवा. अण्णा बिचारे वाटभर मला समजावत होते की शब्दाचा अर्थ मुलखावर ठरतो, आणि आपला मुलूख हा आहे. मी ऐकत नव्हते. मला फक्त दारातली बैलगाडी दिसत होती.

लातूरला घरासमोर आलो तर बैलगाडी उभीच होती. बैल सोडून वैरण टाकलेली होती, म्हणजे अजून निघायचं होतं. जिवात जीव आला. ओसरीवर वन्संचे सासरे, शेजारी मोठा पटका बांधलेले त्यांचे वडीलधारे, हे एका कोपऱ्यात, आणि मधोमध पेटी मांडून मामंजी. कागद लिहून झाला होता, वाचून दाखवायचा राहिला होता. अण्णा पुढून गेले, रामराम केला, बसले. मी मागच्या दारानं आत शिरले. तुरीचा डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि पुस्तक बाहेर काढलं.

वन्सं माजघरात नवं लुगडं नेसून ट्रंकेवर बसल्या होत्या. मी धूळभरल्या अंगानंच त्यांच्यासमोर बसले. पान काढलं. म्हणाले, वन्सं, तिनं तडजोड केली नाही. बार्शीकडं राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. मी डोळ्यांनी बघून आलेय.

"कशात बघितलं?"

"सिनेमात."

त्यांचा विश्वास बसेना. पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून स्वतः वाचायला लागल्या. एकेक शब्द, ओठ हालवत. राजीनामा ह्या शब्दावर बोट थांबलं. मग छत्रीवर आलं. मग फाटकावर. "म्हणून ह्या रडून राह्यल्या व्हय," त्या म्हणाल्या. पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही पडद्यावर पाहिलेलं नाही. पुस्तक मिटलं, पदर खांद्यावरून घट्ट घेतला, आणि सरळ ओसरीवर गेल्या. आमच्या घरातली बाई पाहुण्यांसमोर अशी न बोलावता कधी गेली नव्हती. मी मागोमाग दारापर्यंत.

"आबा," त्या म्हणाल्या, "राजीनामा मी देते. पण तुमचा न्हाई. बार्शीकडचा."

मामंजींना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. पटकेवाले म्हणाले, काय म्हणतीय ही? तेव्हा मी दाराच्या चौकटीला धरून बोलले. मामंजींसमोर मी आजवर पाणी हवं का, एवढंच विचारलेलं. सगळं सांगितलं, कादंबरी, मास्तरीण, कारकून, टोपी, दरवान. मामंजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या शब्दावर त्यांचं घर चाललं तो शब्द सून त्यांना शिकवत होती. म्हणाले, "सिनेमा हा काय पुरावा झाला?" अण्णा लगेच म्हणाले, तेच मी वाटभर सांगतोय. आमचे अण्णा असे वेळेला धावून येतात.

आणि तेव्हा कोपऱ्यातून हे म्हणाले, "न्हाई आबा. बार्शीला तसंच म्हणतात. तिथल्या अडतीतला गुमास्ता राजीनामा देऊन गेला म्हणजे काम सोडून गेला. मी कैकदा ऐकलंय."

मी ह्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. "मला कुणी इचारलं?" एवढंच पुटपुटले. त्याचा हिशेब मी नंतर चुकता केला, तो इथं सांगायचा नाही.

मामंजी म्हणाले, वाच. मी पुस्तक उघडलं आणि शेवटचं प्रकरण पहिल्यापासून वाचलं, ओसरीवर, पुरुषमाणसांत, मोठ्यानं. कारभाऱ्याचा टोमणा आला तिथं पटकेवाल्यांनी चुळबुळ केली. माफी माग म्हणाला तिथं वन्संच्या सासऱ्यांनी नकळत मान हालवली, नाही अशी. आतून आत्याबाई म्हणाल्या, "जरा सावकाश वाच, घाई कशाला." छत्री उचलली, फाटक आलं, पोरी आल्या, संपलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता.

मामंजींनी समोरचा कागद उचलला. उलटा धरला, सुलटा धरला. मग मुलीला विचारलं, "तू राजी आहेस का?"

"न्हाई," वन्सं म्हणाल्या.

"मागल्या महिन्यात हो म्हणालीस ते?"

"तवा वाटलं, सगळ्याच बायांचं शेवटी असंच होतंय. आता तसं वाटत न्हाई."

मामंजी मुरुडकरांकडं वळले. आवाज अगदी अदालतीतला, थंड. म्हणाले, "पाहुणे, बार्शीवाले काय म्हणतात ते त्यांना माहीत. मी आपल्या मुलखातलं सांगतो. दोन्ही फरीक राजी असतील तरच राजीनामा होतो. इथं एक फरीक राजी नाही. हा कागद झाला नाही." आणि त्यांनी तो दुमडून पेटीत टाकला.

पटकेवाले तणतणले. पोरगी बिघडवली पुस्तकांनी, म्हणाले. मी म्हणणार होते की पुस्तकानं नाही, सिनेमानं, पण अण्णांनी डोळे वटारले. वन्संचे सासरे मात्र उठताना वन्संकडं बघून हळूच म्हणाले, "सुखी ऱ्हा बाई." तो माणूस वाईट नसावा. जेवून जा म्हटलं तर थांबले नाहीत. बैल जुंपले, गाडी वळली, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत मी दारात उभी राहून बघत होते. माझी छाती अशी भरून आली होती की ओरडावंसं वाटत होतं.

तोंड गोड करायला आत्याबाईंनी शिरा केलेला होता, तो आम्ही घरच्यांनीच खाल्ला. त्या दिवशी पहिल्यांदा बायका-पुरुष एकाच वेळी पानावर बसले, कारण उठून वाढायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं. मामंजींचं मन अजून त्या मास्तरणीतच होतं. घास हातात धरून म्हणाले, "सूनबाई, पुढं काय झालं तिचं?"

मी म्हणाले, "पुस्तक तिथंच संपतं, मामंजी."

"असं कसं संपतं? पगार गेला, नवरा नाही. मग पोट कसं भरलं तिनं?"

वन्संनी आपल्या पानात आणखी शिरा वाढून घेतला आणि म्हणाल्या, "भरलं असंल, आबा. माझं बी भरंल."